भाऊसाहेबांची बिनब्रशची मोटर

"अंगठा आहे की हातोडा."

हे वाक्य कोणीतरी पुटपुटलं तेव्हा भाऊसाहेब पलंगाखाली होते. हेलिकॉप्टरच्या शेपटीचा मोहरीएवढा स्क्रू घरंगळत तिकडे गेला होता आणि त्याच्या मागोमाग भाऊसाहेबही गेले होते. फरक इतकाच की स्क्रू सहज आत गेला.

खोलीत त्यांच्याशिवाय दोनच माणसं होती. खिडकीजवळच्या खुर्चीत आप्पा, म्हणजे भाऊसाहेबांचे वडील. आणि दाराशी धुतलेल्या चादरीची घडी घालणाऱ्या वहिनी. वहिनी म्हणजे भाऊसाहेबांची बायको. पण सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायची, आणि घाईगर्दीत भाऊसाहेबांच्याही तोंडून तेच निघायचं.

"कोणाचा अंगठा?" भाऊसाहेबांनी पलंगाखालून विचारलं.

वर घाईघाईने पेपर खसखसला.

"पेपरात आलंय काहीतरी," आप्पा म्हणाले.

भाऊसाहेब सरपटत बाहेर आले तेव्हा पेपर घडी केलेला होता आणि आप्पा त्याच्यावर बसले होते. वहिनी चादरीच्या कोपऱ्याला कोपरा लावण्यात इतक्या गढल्या होत्या, जसं काही त्या कोपऱ्यांचं लग्न लावायचं आहे. भाऊसाहेबांनी विषय सोडून दिला. स्क्रू सापडला होता आणि ते आनंदात होते.

हेलिकॉप्टर होतं वीतभर. पिवळं, खाली काळे पाय, आणि हातात धरायच्या रिमोटला दोन दांड्या. डावी दांडी वर केली की यंत्र वर, उजवी जिकडे ढकलाल तिकडे यंत्र. पुस्तिकेत हे एका ओळीत लिहिलं होतं. या एका ओळीवर भाऊसाहेबांची दोन वर्षं गेली होती.

नोकरीने ते विमा कंपनीत दावे तपासणारे. लोकांच्या गाड्या, गिरण्या, पाण्याचे पंप मोडले की भाऊसाहेब जाऊन बघणार आणि फॉर्मवरच्या शेवटच्या रकान्यात कारण लिहिणार: यांत्रिक बिघाड, की हाताळणीतील चूक. सव्वीस वर्षांत एकाही माणसाने आपण होऊन 'माझी चूक झाली' म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. झाड अचानक समोर आलं. भिंत नेहमीपेक्षा पुढे होती. भाऊसाहेब अशी निवेदनं ऑफिसातून येऊन जेवताना सांगायचे आणि हसून हसून त्यांना ठसका लागायचा.

घरच्या हेलिकॉप्टरचीही त्यांनी तशीच नोंदवही ठेवली होती. अकरा अपघात झाले होते. कारणं: वारा. पडदा. वारा. कमकुवत बॅटरी. पंख्याचा वारा. मोटर गरम. मोटर थंड. आणि नवव्या ओळीत, त्यांच्या वळणदार अक्षरात: 'कुंडी अचानक समोर आली.'

अकरावा अपघात मात्र अंगाशी आला. हेलिकॉप्टर आवारातून उठलं, पहिल्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गॅलरीत शिरलं आणि त्यांनी सहा वर्षं वाढवलेल्या वेलीची एका बाजूने हजामत करून आलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. 'आवारात कोणतीही उडती वस्तू सभासदांच्या जीवितास अथवा वनस्पतीस अपाय करील अशा रीतीने उडवण्यास कायमची मनाई का करू नये, याचा खुलासा संबंधितांनी करावा.'

भाऊसाहेब संबंधित होते. त्यांनी दोन पानी खुलासा केला. त्यात असं होतं, की दोष जुन्या मोटरीचा आहे. तिच्या आत कार्बनचे दोन ब्रश असतात, ते घासून घासून झिजतात, मोटर दमते आणि मग यंत्र ऐकत नाही. सबब ब्रश नसलेली नवी मोटर बसवण्यात येत आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता यंत्र तिसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन, एक मिनिट स्थिर ठेवून, खाली आखलेल्या वर्तुळात उतरवून दाखवीन. न जमल्यास मनाई मान्य.

"न जमल्यास हे कशाला लिहिलंत?" वहिनी म्हणाल्या.

"जमणारच आहे म्हणून."

आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. मनाई झाली तर काय, हा विचार त्या घरात भाऊसाहेबांपेक्षा आणखी कोणाला तरी जास्त जाचत होता, हे त्या वेळी भाऊसाहेबांच्या गावीही नव्हतं.

*

आप्पा एकतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात छताखालची क्रेन चालवत होते. वर काचेच्या पिंजऱ्यात बसून दोन दांडे फिरवायचे आणि खाली वीस टनांचा लोखंडी तुकडा माणसांच्या डोक्यावरून न्यायचा. गेल्या वर्षी ते दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि पडले. हाड मोडलं नाही, पण भाऊसाहेब हबकले. त्या दिवसापासून आप्पांनी जिना उतरायचा नाही, जड उचलायचं नाही, किटली ओतायची नाही. चहाचा कप अर्धाच भरून द्यायचा, कारण हात थरथरतो. हेलिकॉप्टरला तर बोटही लावायचं नाही, नाजूक वस्तू आहे. आप्पा सगळ्याला 'बरं' म्हणाले होते. आप्पांचं 'बरं' हे सेक्रेटरींच्या 'विचार करू' सारखं असायचं. त्यात नेमकं काय ठरलं ते कळायचं नाही.

मोटर मागवली. तेव्हापासून भाऊसाहेबांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ऑफिसात एका पिठाच्या गिरणीच्या अहवालात त्यांनी 'गिरणीने उड्डाण घेतले' असं लिहिलं. दाढी करताना ते वहिनींना मोटरीचे फेरे सांगायचे, मिनिटाला किती हजार, आणि दरवेळी आकडा थोडा वाढलेला असायचा.

"ब्रश नाही म्हणजे चांगली कशी?" वहिनींनी एकदा विचारलं. "एक भाग कमी आणि कौतुक जास्त."

"तेच तर शास्त्र आहे. घासायलाच काही नाही. शिवाय तिला वायरी तीन असतात, दोन नव्हे."

"तीन का?" हे आप्पा होते. त्यांची मान एकदम ताठ झाली होती.

"आप्पा, तुम्ही आराम करा. अवघड आहे ते."

"बरं," आप्पा म्हणाले.

पार्सल आलं ते पार्सल ऑफिसात अडकलं. खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, 'वस्तूचा उपयोग'. भाऊसाहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: उड्डाण.

कारकुनाने फॉर्म वाचला, मग भाऊसाहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उड्डाणाचं इथे होत नाही. वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर कुलूप होतं. शेजारच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या, "ते साहेब गेल्या पावसाळ्यात बदलून गेले. नवे यायचेत." खाली आल्यावर कारकुनाला दया आली. "तुम्ही 'पंखा' लिहा ना. वर फिरतंय ते पंख्यासारखंच असेल की."

"पंखा नाही तो."

"मला माहितेय. तुम्हालाही माहितेय. फॉर्मला कुठे माहितेय?"

पण ज्या माणसाने सव्वीस वर्षं लोकांची खोटी निवेदनं पकडली, त्याने एका मोटरीसाठी खोटं लिहायचं? भाऊसाहेब बाणेदारपणे घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि पुन्हा बाणेदारपणे घरी आले. तिसऱ्या दिवशी वहिनी भाजी आणायला गेल्या आणि येताना पिशवीत वरती कोथिंबीर आणि खाली पार्सल घेऊन आल्या.

"काय लिहिलंस?"

"पंखा, लहान."

भाऊसाहेब संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. मात्र पार्सल त्यांनी पाचव्या मिनिटाला उघडलं. आत अंगठ्याएवढी, रुपेरी, तीन वायरींची मोटर होती आणि तिच्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते वहिनींनी लग्नात एकदा पाहिलं होतं.

*

बसवायचं काम शुक्रवारी सुट्टी काढून सुरू झालं. बातमी फुटली होतीच. तळमजल्यावर दुकान असलेले शिंपीकाका माप घ्यायची टेप गळ्यात घालूनच वर आले आणि स्टूल ओढून बसले.

"भाऊसाहेब, मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले, आणि मग पाऊण तास सल्ला दिला. शिवणयंत्राला मोटर लावल्यापासून आपला पाय कसा सुटलाय, तेल कुठलं घालावं, वगैरे. मग एकदम म्हणाले, "बाकी तुमच्याकडे दुपारी भुंगा येतो का हो? रोज दोन-अडीचला तुमच्या खिडकीतून खाली माझ्या दुकानापर्यंत घूं घूं ऐकू येतं."

"मिक्सर," वहिनी म्हणाल्या.

"रोज अर्धा तास?"

"बारीक वाटते मी."

भाऊसाहेबांचं लक्ष नव्हतं. मोटरीच्या चिमुकल्या चाकाचे दाते मोठ्या चाकात इतके रुतत होते की काहीच फिरेना. सैल केलं की दाते घसरायचे. त्यांचा घाम टेबलावर पडत होता.

"कागद घाल मध्ये," खुर्चीतून आप्पा म्हणाले. "कागदाची पट्टी घाल, दाबून आवळ, मग कागद ओढून काढ. तेवढीच फट राहते."

"आप्पा, ही क्रेन नाही."

"बरं."

अर्ध्या तासाने भाऊसाहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "मला एक कल्पना सुचलीय," आणि त्यांनी दाढीच्या ब्लेडच्या पाकिटाचा कागद कापून मध्ये घातला. चाक लोण्यासारखं फिरायला लागलं. "डोकं लागतं," ते शिंपीकाकांना म्हणाले. शिंपीकाकांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा कबुतरं मोजत होते.

मग बॅटरी जोडली. हेलिकॉप्टरची पाती फिरू लागली, वेग आला, आवाज आला, टेबलावरची पुस्तिका सरळ छताकडे उडाली, आणि हेलिकॉप्टर मात्र टेबलाला असं चिकटून बसलं की जणू त्याला भाडेकरू म्हणून राहायचं आहे.

"उलटी फिरतेय," आप्पा म्हणाले. "तिनातल्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल कर."

"आप्पा, पुस्तिकेत बघू द्या मला."

पुस्तिका कपाटावर जाऊन पडली होती. ती काढायला स्टूल लागलं, स्टुलावरून शिंपीकाकांना उठवावं लागलं, आणि शेवटी चौदाव्या पानावर सापडलं: मोटर उलटी फिरल्यास तिनातल्या कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करावी.

"शंका होतीच मला," भाऊसाहेब म्हणाले.

शिंपीकाकांना राहवलं नाही. "ते म्हणतात ना भाऊसाहेब, नाचता येईना..."

वहिनींनी कपबशी टेबलावर इतक्या जोरात ठेवली की चमचा उडाला.

"...तर गाणं म्हणावं," शिंपीकाकांनी म्हण भलत्याच गावाला नेऊन सोडली, आणि मुकाट्याने चहा प्यायले.

संध्याकाळी वायरी बदलून झाल्या. हेलिकॉप्टर टेबलावरून टाचा उचलाव्यात तसं बोटभर उठलं. आवाज सुद्धा वेगळा होता. जुनी मोटर कुरकुरायची. ही गात होती. भाऊसाहेब त्या बोटभर उंचीवर इतके खूश झाले की त्यांनी पुढे काही करून पाहिलंच नाही. बॅटरी पूर्ण भरून ठेवली, हेलिकॉप्टरवर हातरुमाल पांघरला आणि झोपेपर्यंत तीनदा रुमाल उचलून पाहिला.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस होतं. चार वाजता परत येऊन बघतात तर बॅटरी रिकामी.

"हिला गळती आहे," ते म्हणाले. "गेले सहा महिने बघतोय. रात्री भरलेली, संध्याकाळी रिकामी. आणि हे काय?"

चटई जरा सरकली होती आणि खाली फरशीवर पांढऱ्या खडूचं ताटलीएवढं वर्तुळ होतं.

"मुंग्यांचा खडू," वहिनी म्हणाल्या.

"मुंग्यांना वर्तुळ कशाला?"

"सरळ रेघेला बाजूने वळसा घालतात."

भाऊसाहेबांना हे पटलं. माणूस उत्साहात असला की त्याला काहीही पटतं. त्यांनी बॅटरी पुन्हा भरायला लावली. आप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. दोन्ही हात मांडीवर होते आणि अंगठे अगदी हळू, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे, वर-खाली होत होते.

*

रविवारी दहाला आवारात वीसेक खुर्च्या लागल्या होत्या. सेक्रेटरी मधल्या खुर्चीत, मांडीवर नोंदवही, शेजारी उरलेल्या वेलीची कुंडी पुरावा म्हणून. शिंपीकाकांनी आपल्या निळ्या खडूने फरशीवर वर्तुळ आखून दिलं होतं, आणि शिंप्याचा हात असल्यामुळे ते परातीने आखल्यासारखं गोल होतं.

भाऊसाहेब इस्त्रीचा सदरा घालून उतरले. त्यांनी दोन शब्द बोलायचे ठरवले होते, ते दोनशे झाले. मोटरीचे फेरे आता कल्पनेच्या पलीकडे गेले होते. मग त्यांनी हेलिकॉप्टर वर्तुळात ठेवलं, रिमोट घेतला, आणि त्याच क्षणी जिन्यातून आप्पा बाहेर आले. कठडा धरून, एकेक पायरी, मागे वहिनी. तीन मजले. भाऊसाहेब रागावणार होते, पण हात मोकळे नव्हते. आप्पा येऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हळू सोड. मोटर दमदार आहे."

"आप्पा, मला माहितेय," भाऊसाहेब म्हणाले, आणि दांडी ढकलली.

जुन्या मोटरीला दांडी पूर्ण ढकलली की ती विचार करायची, मग उठायची. नवीला विचार करायची सवय नव्हती. हेलिकॉप्टर असं सुटलं की पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला लोकांना एकदमच दिसले. टाळ्या वाजल्या. त्या संपेपर्यंत ते पाण्याच्या टाकीच्या वर गेलं होतं.

"तिसऱ्यापर्यंत म्हणाला होतात," सेक्रेटरी म्हणाले.

भाऊसाहेबांनी दांडी खाली ओढली. हेलिकॉप्टर दगडासारखं पडायला लागलं. त्यांनी पुन्हा वर ढकलली. ते पुन्हा टाकीवर. खाली, वर. आता उजवी दांडीही कुठेतरी गेली असावी, कारण ते तिरकं होऊन वाळत घातलेल्या कपड्यांकडे निघालं. एका चादरीला चाटून गेलं, वळलं, आणि सेक्रेटरींच्या उरलेल्या अर्ध्या वेलीवर त्याची नजर असल्यासारखं दिसलं.

"ब्रेक लावा," कोणीतरी ओरडलं.

"रिव्हर्स घ्या."

"दार लावा कोणीतरी पहिल्या मजल्याचं."

भाऊसाहेबांचे अंगठे लाकडाचे झाले होते. रिमोटवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी संपत आली होती. त्यांना सव्वीस वर्षांतली सगळी निवेदनं आठवली. झाड अचानक समोर आलं. भिंत पुढे होती. त्या माणसांचे चेहरे आठवले. हसण्यासारखं त्यांत काही नव्हतं.

शेजारून एक हात पुढे आला. "आण," आप्पा म्हणाले.

भाऊसाहेबांना द्यायचा होता, पण बोटं सुटेनात. वहिनींनी पुढे होऊन त्यांचा एकेक अंगठा उचलला आणि रिमोट आप्पांच्या हातात ठेवला.

वर काहीतरी बदललं. कोणीतरी धावणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा, तसं हेलिकॉप्टर थांबलं. तिरकं होतं ते सरळ झालं. मग पायऱ्या उतराव्यात तसं खाली आलं आणि तिसऱ्या मजल्यापाशी थांबून राहिलं, आप्पांच्या रिकाम्या खिडकीसमोर. एक मिनिटभर. अर्धाच कप चहा मिळणारे ते हात बिलकूल हलत नव्हते. फक्त अंगठे, अगदी हळू. आवारात आवाज उरला तो फक्त पात्यांचा. तो आवाज भाऊसाहेबांनी नीट ऐकला. घूं घूं. भुंगा.

दुपारी दोन-अडीचचा भुंगा. सहा महिने गळणारी बॅटरी. ताटलीएवढ्या मुंग्या. मिक्सर. एखाद्या दाव्याची सगळी कागदपत्रं एका टाचणीत यावीत तशी ती त्यांच्या डोक्यात आली आणि नीट बसली.

हेलिकॉप्टर उतरलं. वीस टनांचा तुकडा माणसांमध्ये ठेवताना जसा ठेवतात, तसं निळ्या वर्तुळाच्या मधोमध, आवाज न करता. पाती थांबली. आप्पांनी रिमोट मांडीवर उलटा ठेवला आणि एखादी वस्तू फोडल्यासारखे खाली बघत राहिले.

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

"मोटर काय आहे पण," शिंपीकाका म्हणाले. "मोटरीनेच बाजी मारली."

"बिनब्रशचा गुण," दुसरं कोणी म्हणालं.

"भाऊसाहेबांनी बसवलीच छान," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

"यंत्र नियंत्रणात आहे असं दिसतं," सेक्रेटरींनी घसा साफ केला. "मनाईचा विषय बंद. फक्त परवान्याची नोंद करतो." त्यांनी वही उघडली, पेन उघडलं आणि तिसऱ्या रकान्यापाशी थांबले. "चालकाचं नाव."

शिंपीकाका टेप गुंडाळायला लागले. वहिनींना सदऱ्याच्या बाहीवर दोरा दिसला. वीस माणसांना एकाच वेळी कबुतरांमध्ये गोडी वाटू लागली. सेक्रेटरींनीही मान वर केली नाही. पेनाचं टोक कागदापासून केसभर वर धरून ते वाट बघत राहिले. सगळ्या इमारतीला सगळं ठाऊक होतं, कदाचित कबुतरांनाही.

भाऊसाहेबांनी वर्तुळाकडे पाहिलं, मग आप्पांच्या मांडीवरच्या हातांकडे. ते हात आता पुन्हा थरथरायला लागले होते.

"आप्पांचं नाव लिहा," ते म्हणाले. "आणि शेऱ्यात लिहा, आधीच्या अकरा अपघातांचं कारण हाताळणीतील चूक. वारा नव्हता, मोटर नव्हती, कुंडी जागच्या जागी होती. आप्पा, मला हे उडवता येत नाही. कधीच येत नव्हतं."